यंत्राचं माप

‘द वाइल्ड रोबॉट’ या २०२४ च्या ॲनिमेशनपटातल्या सर्वांत धाडसी प्रसंगात जवळजवळ काहीच घडत नाही. वादळात सापडलेल्या जहाजातून एका निर्मनुष्य बेटावर येऊन पडलेलं रोझ नावाचं यंत्र जंगलात एका जागी बसतं आणि ऐकत राहतं. त्याआधी ते दिसेल त्या प्राण्यामागे धावून झालेलं असतं. रोझ घरकामासाठी बनवलेली आहे. काम सांगा, मी ते पुरं करते, एवढंच तिला ठाऊक. बेटावर तिला काम सांगणारं कुणी नाही. सगळे तिला भिऊन पळतात, काही अंगावर येतात, राक्षस समजतात. मग ती मदत देऊ करणं थांबवते. दिवस उजाडतात, मावळतात, आणि तिच्या कानांवर पडणाऱ्या किंचाळ्या, गुरगुर, चिवचिवाट यांची हळूहळू भाषा होऊ लागते. पीटर ब्राउन यांच्या २०१६ च्या कादंबरीवरून ख्रिस सँडर्स यांनी केलेल्या या चित्रपटात पुढे पाठलाग आहेत, आग आहे, लढाई आहे. पण त्या सगळ्याची किल्ली या बसून राहण्यात आहे. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलात गेल्या पन्नास वर्षांत बाहेरून मदत घेऊन बरेच जण आले. डॉक्टर आले, शिक्षक आले, योजना आल्या, आता कॅमेरे आणि ॲप येत आहेत. त्यांतलं कोण तिथल्या मुलांचं सोबती झालं आणि कोण पाहुणंच राहिलं, हे तपासायला या चित्रपटातून एक माप हाती लागतं, असं मला वाटतं. मुलाजवळ येणाऱ्याने, तो माणूस असो की यंत्र, मुलाच्या आणि मूल सांभाळणाऱ्यांच्या जगाप्रमाणे स्वतःचा आकार किती बदलू दिला, हे ते माप. त्याची हुशारी किती, हा प्रश्न त्यानंतरचा.

रोझला भाषा कळली म्हणून गोष्ट सुरळीत होत नाही. अस्वलापासून पळताना ती कोसळते ती थेट रानहंसाच्या घरट्यावर. घरटं उद्ध्वस्त होतं, एक अंडं तेवढं वाचतं. त्यातून बाहेर आलेलं पिल्लू समोर दिसलेल्या पहिल्या हलत्या वस्तूला आई समजतं. हे कथाकाराच्या सोयीसाठी रचलेलं नाही. ऑस्ट्रियाचे कोनराड लॉरेन्ट्स यांनी १९३० च्या दशकात हंसाच्या पिल्लांच्या याच वर्तनाचा अभ्यास मांडला आणि १९७३ मध्ये प्राणिवर्तनाच्या संशोधनासाठी त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. पूर्व विदर्भातल्या तलावांवर हिवाळ्यात हिमालय ओलांडून उतरणारे पट्टकदंब याच कुळातले. तर या पिल्लाला, ब्राइटबिलला, हिवाळ्याआधी तीन गोष्टी यायला हव्यात: खाणं, पोहणं आणि उडणं. रोझकडे यांतल्या एकाही गोष्टीचं ज्ञान नाही. ती घसरते, चुकते, फिंक नावाच्या कोल्ह्याकडून शिकते, पाय गमावते आणि त्या जागी लाकडाचा पाय बसवून घेते. कारखान्यातून गुळगुळीत निघालेलं तिचं अंग ओरखडतं, मळतं, बेटाच्या रंगाचं होत जातं. चित्रकारांनी हा बदल इतक्या बारकाईने रंगवला आहे की संवाद बंद करूनही तो वाचता यावा. आणि या साऱ्याच्या मुळाशी एक अपराध आहे. हे पिल्लू पोरकं झालं ते रोझमुळेच. तिची माया आकाशातून पडलेली नाही; आपण केलेल्या नुकसानाची जबाबदारी घेता घेता ती तयार झालेली आहे. लहान मुलांसमोर हे इतक्या सरळपणे मांडणारे चित्रपट फार नाहीत.

गडचिरोलीत याच्या अगदी जवळची गोष्ट माणसांनी जगून दाखवली आहे. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी भामरागडजवळ हेमलकसा इथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथे राहायला गेले तेव्हा वीज नव्हती, धड रस्ता नव्हता, आणि बाहेरचं माणूस दिसलं की तिथले माडिया आदिवासी जंगलात निघून जात. औषधं होती, ज्ञान होतं, रोगी मात्र येत नव्हते. आमटे दांपत्य माडिया भाषा शिकलं. ज्यांच्या अंगावर जेमतेम वस्त्र आहे त्यांच्यात वावरताना आपण पूर्ण पोशाखात राहणं डॉ. प्रकाश यांना पटेना. तेव्हापासून बंडी आणि अर्धी चड्डी हाच त्यांचा वेश झाला आणि पुढे मोठमोठ्या सभांनाही ते त्याच वेशात गेले. शाळा १९७६ मध्ये सुरू झाली, म्हणजे आधी ऐकण्यात काही वर्षं गेल्यावर. तिथलं प्राण्यांचं अनाथालय ज्या प्रसंगातून उभं राहिलं तो डॉ. प्रकाश यांनी अनेकदा सांगितला आहे: शिकार करून परतणाऱ्या माडियांनी मारलेली माकडीण नेली होती आणि तिचं जिवंत पिल्लू तिला बिलगून दूध शोधत होतं. त्यांनी ते पिल्लू मागून घेतलं. भुकेसाठी होणाऱ्या शिकारीवर त्यांनी उपदेश केला नाही. मोठं जनावर मारलं तर पोरकं पिल्लू आमच्याकडे आणा, आम्ही धान्य देऊ, असं सांगितलं. बिबटे, अस्वलं, हरणं यांच्यासोबत आमटे कुटुंबातली आणि शाळेतली मुलं वाढली. आमटे दांपत्याला २००८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पण माझ्या युक्तिवादासाठी पुरस्कारापेक्षा त्या कपड्यांचं मोल अधिक आहे. बाहेरून आलेल्याने आपला बाह्य आकारसुद्धा बदलला, आणि मग लोक दारात आले.

ही झाली माणसं. यंत्राचं काय? गडचिरोलीत मुलाच्या सोबतीला आलेलं माझ्या माहितीतलं सर्वांत शहाणं यंत्र विजेवर चालत नाही आणि बोलतही नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९८० च्या दशकाच्या अखेरीस लहान मुलांच्या न्यूमोनियावर काम सुरू केलं तेव्हा अडचण औषधाची नव्हती. न्यूमोनिया ओळखण्याची सोपी खूण म्हणजे मुलाचा श्वास मिनिटाला किती वेळा चालतो. ठरावीक आकड्याच्या वर गेला तर उपचार लगेच सुरू करायचे. पण मुलाजवळ असणार दाई, आणि बहुतेक दायांना बाराच्या पुढे मोजता येत नव्हतं. इथे दोन वाटा होत्या. दायांना साठपर्यंत मोजायला शिकवायचं, किंवा साठपर्यंत मोजता येणारं दुसरं कुणी शोधायचं. बंग यांनी तिसरी वाट काढली. त्यांनी एक श्वासमापक बनवला: एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी मण्यांच्या ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली तर न्यूमोनिया. दोन महिन्यांखालच्या बाळासाठी एक ओळ, त्याहून मोठ्या मुलासाठी दुसरी, कारण तान्ह्या बाळाचा श्वास मुळातच जलद असतो. दाईला दहापर्यंत मोजता येतंच. बाकीचं मोजणं मण्यांकडे. या कामाचे निष्कर्ष १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. ज्या गावांत हा उपक्रम झाला तिथे न्यूमोनियामुळे होणारे बालमृत्यू शेजारच्या गावांच्या तुलनेत निम्म्याहून कमी होते. यात औषधाचा वाटा आहे, प्रशिक्षणाचा आहे, भेटींचा आहे. सगळं श्रेय मण्यांना देणं खोटं होईल. तरी त्या उपकरणाकडे पाहिलं की एक गोष्ट लख्ख दिसते. ते करणाऱ्याने दाईच्या अडाणीपणावर बोट ठेवलं नाही. तिला जेवढं येतं तेवढं मोजून घेतलं आणि यंत्र तिथून पुढे सुरू केलं. ते दाईच्या हाताच्या आणि तिच्या मोजण्याच्या मापाने बेतलेलं होतं, अंगासाठी कपडा बेततात तसं.

याच संस्थेचा दवाखाना बांधताना आदिवासींना विचारलं गेलं की तो कसा असावा. मोठ्या इस्पितळांची त्यांना भीती वाटत होती, डॉक्टर-नर्सच्या पांढऱ्या कपड्यांची तर फारच, कारण पांढऱ्या वस्त्रात प्रेत गुंडाळतात. नातेवाइकांना बाहेर काढणारी जागा त्यांना नको होती. म्हणून ‘सर्च’च्या शोधग्राम या आवारातला दवाखाना झोपड्यांच्या वस्तीसारखा उभा राहिला आणि त्याला दंतेश्वरी देवीचं नाव मिळालं. १९९५ पासून गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं गेलं. बाळाचं वजन करणं, त्याला ऊबदार पिशवीत ठेवणं, जन्मतः न रडणाऱ्या बाळाला श्वास देणं, जंतुसंसर्ग झाला तर इंजेक्शन देणं, अशी इस्पितळातली मानली गेलेली कामं त्या घरात करू लागल्या. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार हे काम झालेल्या ३९ गावांत नवजात बालकांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले. २०११ पासून देशभरातल्या आशा कार्यकर्त्या घरी जाऊन नवजात बाळाची जी काळजी घेतात, त्या पद्धतीचं मूळ इथे आहे.

आता कुणी म्हणेल की हे उदाहरण माझ्याच विरोधात जातं. सोबती झाली ती आरोग्यदूत बाई. मणी, पिशवी, तराजू ही नुसती अवजारं. चित्रपटात मात्र यंत्र स्वतः माया करतं. अवजार आणि सोबती यांची ही सरमिसळ कशाला? आक्षेप खरा आहे, आणि त्याचं अर्धं उत्तर मान्यतेचं आहे: मणी कुणावर माया करत नाहीत, आणि आजवर बनलेलं कुठलंही यंत्र करत नाही. पण चित्रपट नेमकं काय सांगतो तेही पाहायला हवं. रोझला माया आधी वाटते आणि मग ती पिल्लू सांभाळते, असा क्रम त्यात नाही. अनेक पिल्लांची आई असलेली एक ओपॉसम तिला सांगते की हे पिल्लू आता तुझं काम आहे, आणि रोझ ते काम म्हणून अंगावर घेते. भरवणं, पोहायला लावणं, उडवणं, रोज तेच. माया या कामाच्या पाठीमागून येते. नवजात बाळाकडे ठरलेल्या दिवशी जाणारी आरोग्यदूतही नियमाचंच काम करते. तक्ता भरते, तापमान पाहते. सोबतीचा पाया असा नेमस्त, वेळापत्रकाचा आणि थोडा रुक्ष असतो, हे मुलांच्या चित्रपटाने सांगावं यात मला मोठं धैर्य दिसतं. तेव्हा यंत्राला भावना आहेत का हा प्रश्न मी बाजूला ठेवतो. ते ज्या कामाला आलं आहे ते काम मुलाच्या गरजेने ठरलं की यंत्र बनवणाऱ्याच्या सोयीने, हा प्रश्न मात्र बाजूला ठेवता येत नाही.

दुसरा आक्षेप पालकांचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. यंत्र आईसारखं असू शकतं असं मुलांना दाखवणं आजच्या काळात घातक नाही का? बोलणारी खेळणी, गोड आवाजात उत्तरं देणारे फोन घरात आले आहेत; एकटं मूल त्यांना मित्र समजू लागलं तर दोष कुणाचा? भीती रास्त आहे. पण या चित्रपटाने मुलाशी केलेला व्यवहार त्या खेळण्यांच्या नेमका उलट आहे. ब्राइटबिलला एके दिवशी कळतं की आपलं कुटुंब रोझमुळे मेलं. तो संतापतो, तिच्यापासून दूर जातो, आणि तिचा अपराध झाकून टाकणारी सोय चित्रपट करत नाही. रोझ कुणाच्या मालकीची आहे, तिला परत नेणारी कंपनी कुठे आहे, हेही प्रेक्षकातल्या सहा वर्षांच्या मुलाला समजतं. शिवाय रोझचं सगळं काम ब्राइटबिलने तिला सोडून जावं यासाठी चाललेलं आहे. तो थव्यासोबत उडाला की काम पुरं झालं. मुलाला धरून ठेवण्यासाठी बनवलेल्या यंत्रात आणि मुलाला निघून जाता यावं म्हणून राबणाऱ्या यंत्रात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पालकांनी घरातल्या बोलक्या वस्तूला हाच प्रश्न विचारावा: ही माझ्या मुलाला उडायला लावते की जवळ बसवून घेते? हेमलकशाच्या अनाथालयातही या कसोटीची एक दुःखद बाजू दिसते. माणसाच्या हातावर वाढलेला बिबट्या शिकार शिकत नाही, माणसाला भीत नाही, आणि म्हणून त्याला जंगलात परत सोडणं अवघड होऊन बसतं. तिथल्या मायेला कमी लेखण्यासाठी मी हे म्हणत नाही. एकट्या पालकाच्या मायेची मर्यादा कुठे पडते ते दाखवण्यासाठी म्हणतो.

कारण यंत्राने पक्ष्यांचं पालकत्व करण्याचा प्रयोग खरोखर झाला आहे. उत्तर अमेरिकेत नामशेष होण्याच्या धोक्यात असलेल्या व्हूपिंग क्रेन या क्रौंचांच्या पिल्लांना स्थलांतराचा रस्ता दाखवण्यासाठी २००१ पासून छोटी हलकी विमानं वापरली गेली. माणसं पांढरे झगे घालून, चेहरा लपवून पिल्लांना वाढवत आणि मग विमान पुढे, पिल्लं मागे, असा विस्कॉन्सिनपासून फ्लोरिडापर्यंतचा प्रवास होई. पक्षी रस्ता शिकले, पुढच्या वर्षी आपले आपण परतू लागले. पण मोठे झाल्यावर त्यांना स्वतःची पिल्लं नीट वाढवता येईनात. २०१६ मध्ये अमेरिकेच्या वन्यजीव खात्याने विमानांचा हा कार्यक्रम थांबवला आणि शक्य तिथे पिल्लं क्रौंच आई-बापांकडूनच वाढवण्यावर भर दिला. यंत्राने दिशा शिकवली. आई होणं शिकवता आलं नाही. ‘द वाइल्ड रोबॉट’ इथे खोटा ठरतो का? मला उलट वाटतं. ब्राइटबिलला एकटी रोझ वाढवतच नाही. ओपॉसम सल्ला देते, कोल्हा अन्न शोधायला शिकवतो, ससाणा उड्डाणाचे धडे देतो, थव्याचा म्हातारा पुढारी त्याला सोबत घेतो. यंत्र या गोतावळ्यातलं एक आहे. माडिया-गोंड गावांतल्या गोटुल या युवागृहांत मुलं मोठ्या मुलांकडून, म्हाताऱ्यांकडून, नाचा-गाण्यातून आणि कामातून शिकत आली, तिथेही एका शिक्षकावर सगळी भिस्त नव्हती. ज्या शाळेत एक फळा, एक शिक्षक आणि आता एक पडदा एवढंच आहे, तिथे पडद्याने आईची, मित्राची, गुरूची जागा भरावी ही अपेक्षाच त्या विमानांच्या प्रयोगासारखी आहे. रस्ता कळेल, बाकीचं राहून जाईल.

चित्रपट जिथे मला पटत नाही ती जागाही सांगायला हवी. भीषण हिवाळ्यात रोझ सगळ्या प्राण्यांना एका निवाऱ्यात आणते आणि अस्वल, कोल्हा, ससा, हरीण असे सगळे एकमेकांना न खाण्याचा करार करतात. चंद्रपूरच्या माणसाला हा प्रसंग पाहणं सोपं नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोह पडतो, मेमध्ये तेंदूपत्त्याचा हंगाम येतो, आणि पहाटे जंगलात शिरलेल्या बायका-माणसांवर वाघाचा हल्ला झाल्याच्या बातम्या दर वर्षी येतात. मोह वेचणारी बाई जमिनीशी वाकलेली असते. वाघाला ती उभ्या माणसासारखी दिसत नाही. २०२१ मध्ये ताडोब्यात वाघांच्या गणनेसाठी खुणा शोधत चाललेली एक महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात गेली. या जंगलात करार होत नसतो. अंतर राखणं एवढंच हाती असतं, आणि पोट जंगलावर असणाऱ्याला ते अंतर परवडत नाही. रंगीत पडद्यावरचा तह इथल्या पोरक्या झालेल्या मुलाला दाखवताना जीभ अडखळेल. तरी तेवढ्यावरून चित्रपट टाकून द्यावा असं मला वाटत नाही, कारण त्या तहामागचा विचार वेगळा करून घेता येतो: निवारा आधी बांधला गेला, आणि तो कुणासाठी याची यादी बलवानांनी केली नाही.

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या बफर क्षेत्रातल्या सीतारामपेठ गावाच्या कडेने काही वर्षांपूर्वी कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे कॅमेरे लागले. वाघ किंवा बिबट्या टप्प्यात आला की यंत्र त्याला ओळखतं आणि वनकर्मचाऱ्यांच्या, गावातल्या लोकांच्या फोनवर सूचना जाते. अदृश्य भिंत असं तिला म्हटलं गेलं. हे काम चांगलं आहे आणि त्याची टिंगल करणाऱ्यांशी मी सहमत नाही. सूचना वेळेवर मिळून एक जरी मूल पोरकं व्हायचं वाचलं तरी त्या कॅमेऱ्यांचा खर्च वसूल झाला. दवाखाने लांब, शिक्षक अपुरे, वनरक्षक मोजके, मग मिळेल ते यंत्र घ्यावं, माप कसलं काढता, असा जो तिसरा आक्षेप घेतला जातो त्यात म्हणूनच तथ्य आहे. पण श्वासमापकाचा धडा नेमका इथे उपयोगी पडतो. बंग यांच्यापुढेही तुटवडा होताच, आणि तुटवडा आहे म्हणून त्यांनी उपकरण दाईच्या मापाचं केलं. कॅमेऱ्याची सूचना ज्या फोनवर येते तो फोन कुणाकडे असतो? पहाटे चारला टोपली घेऊन निघालेल्या बाईकडे तो असेलच असं नाही, असला तरी झाडीत नेटवर्क असेलच असं नाही, आणि दोन्ही हात मोह वेचण्यात असताना तो बघितला जाईलच असं नाही. गुराख्याचं तेच. गावाच्या वेशीवर पहारा देणारं यंत्र वेशीबाहेर पोट असलेल्यांच्या मापाचं करायचं तर भोंगा, दवंडी, गावातलं प्राथमिक प्रतिसाद पथक, मोहाच्या हंगामापुरती बदललेली कॅमेऱ्यांची जागा, असं बरंच काही त्या बायकांना विचारून ठरवावं लागेल. वाघ ओळखायला यंत्र शिकलं आहे. मोह वेचणारीचा दिवस त्याला अजून शिकायचा आहे.

भाषेचंही असंच. २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे ३० लाख लोक होते. २०२५ मध्ये केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाने ‘आदि वाणी’ हे भाषांतराचं ॲप आणलं, त्यात संथाली, भिली, मुंडारी यांच्याबरोबर गोंडी आहे. हे पाऊल महत्त्वाचं आहे. पण गोंडी एकजिनसी नाही. बस्तरकडची वेगळी, भामरागडच्या माडियाची वळणं आणखी वेगळी, आणि एका भागातल्या बोलीवर तयार झालेलं यंत्र दुसऱ्या भागातल्या सहा वर्षांच्या मुलाला परकंच वाटण्याची शक्यता मोठी. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःच्या बळावर गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. तिच्या मान्यतेचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. ज्या जिल्ह्यात गावाने चालवलेल्या गोंडी शाळेला मान्यतेसाठी झगडावं लागतं, तिथे यंत्राकडून गोंडीची आशा ठेवणं विचित्र आहे. यंत्राला माडिया शिकवायची तर माडिया बोलणाऱ्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांच्या, पोरांच्या तोंडून तासन्‌तास ऐकावं लागेल. रोझने जे केलं ते करायला यंत्र बनवणाऱ्यांपैकी कुणालातरी भामरागडला येऊन बसावं लागेल, आणि त्या बसण्याचा पगार, वेळ, मान या सगळ्याची तरतूद आधी करावी लागेल.

आणि मग मालकीचा प्रश्न येतो, जो चित्रपटाने शेवटाकडे नेमका पकडला आहे. रोझ बेटावर काहीतरी वेगळं शिकली आहे हे कळताच कंपनी तिला परत न्यायला यंत्रं पाठवते. ती जे शिकली ते तिच्या आत साठलं आहे, आणि कंपनीला ते हवं आहे. बेटाने तिला शिकवलं, पण त्या शिकण्यावर बेटाचा हक्क कुणी मानत नाही. धानोरा तालुक्यातल्याच मेंढा (लेखा) गावाने या प्रश्नावर आपल्यापुरतं उत्तर फार पूर्वी काढलं. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी हे एक. २०११ मध्ये बांबू वाहतुकीचे पासही ग्रामसभेच्या हाती आले. तिथे निर्णय सर्वसहमतीने होतात. बाहेरच्या माणसाला अभ्यास गटात बसता येतं, माहिती देता येते, वाद घालता येतो. ठरवते मात्र ग्रामसभा. यंत्रालाही हीच जागा द्यावी, असं माझं म्हणणं आहे. कॅमेऱ्याने वर्षभरात काय पाहिलं, किती सूचना दिल्या, त्यांतल्या किती खोट्या निघाल्या, किती वेळा वाघ आला आणि यंत्र गप्प राहिलं, हे सारं वर्षातून एकदा गावसभेत त्या गावाच्या बोलीत वाचून दाखवलं जावं. माडियाचे आवाज कुणी ध्वनिमुद्रित केले तर ते कुठे ठेवले, कशासाठी वापरले, याचा हिशेबही त्याच सभेत मांडला जावा, आणि सभेने नको म्हटलं तर ते वापरणं थांबावं. मोह वेचणाऱ्या बायकांनी तिथे पहिला प्रश्न विचारावा. यंत्र बनवणाऱ्यांपैकी कुणीतरी उत्तर द्यायला समोर बसलेलं असावं, आणि उत्तर पटलं नाही तर पुढच्या हंगामाआधी कॅमेऱ्याची जागा बदललेली दिसावी.